घरटी एक नोकरी

प्रिय उमामाचे अब्बा,

सलाम. ‘प्रिय’ लिहिताना अजून कानशिलं तापतात, हसू नका. रोज फोन होतो, मग ही बाई कागद काळे करत का बसली, असं म्हणाल. फोनवर तुमचा चेहरा दिसला की ठरवलेलं बोलता येत नाही, म्हणून. तुमचा पुतण्या आमीर परवा तिकडे यायला निघतोय. त्याच्या बॅगेत सुकट आणि पेणचे पोहे भरलेत, त्यातच हे पत्र घालते.

आपली जेटी आता तुम्हाला ओळखू यायची नाही. तेव्हा कोळशाचे बार्ज लागायचे आणि दोरीवरचे कपडे काळे व्हायचे. आता कंटेनरच्या थप्प्या वडखळच्या रस्त्यावरून दिसतात. बंदराच्या कंपनीने घेतलेल्या आपल्या खारजमिनीवर मोबाइलच्या चिपचा कारखाना उभा राहिलाय. आत जाणारी माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, सगळी मक्केला उमराहला निघाल्यासारखी. शेजारच्या दत्तात्रेयभावजींना तिथे बागकाम मिळालं. एकदा कुंपणाशी थांबून म्हणाले, “क्रेनवर आता कोन चढत नाय गो. पेणला एसीत बसून पोरी क्रेन हलवतात.” मला थट्टा वाटली. पण खरंच आहे. तुम्ही इतकी वर्षं तिकडे परदेशी बंदरात क्रेनच्या ज्या काचेच्या केबिनमध्ये बसलात, ती केबिनच इथल्या क्रेनला नाही.

जमीन गेली तेव्हा सगळ्या बाया रडल्या, मी नाही रडले. घरटी एक नोकरी मिळणार होती, आणि ती मी मनात तुमच्या नावावर करून टाकली होती. बंदर झालं की माझा माणूस परत येईल, एवढंच मला कळत होतं. यंदा नंबर लागला. पुढच्या वर्षी तुमचं वय बसणार नव्हतं, म्हणून नाव आत्ताच द्यायचं होतं.

तुम्हाला काय काम देणार ते विचारायला मी आणि उमामा पेणच्या ऑफिसात गेलो. साहेब तरुण होता, बोलायला गोड. म्हणाला, यार्डात कॅमेरे आहेत, त्यांच्या काचा पुसायला माणूस लागतो. हे तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “काचा पुशीन, झाडू मारीन, पन घरी येन. नाव घाल माझा.” मी हो म्हटलं. त्या रात्री किती खूश होते म्हणून सांगू.

पुढचं मात्र तुम्हाला सांगितलं नव्हतं. त्याच दिवशी ऑफिसात साहेबाने पोरीला गंमत म्हणून क्रेन चालवायच्या खुर्चीत बसवलं होतं. समोर स्क्रीन, हातात दोन दांडे. तुम्ही सुट्टीवर आलात की ओटीवर सुतळीला कुलूप बांधून तिच्याकडून खेळवून घ्यायचात ना, झोका न जाता कुलूप पाटावर ठेवायचं म्हणून? तिने तसाच तो स्क्रीनवरचा कंटेनरचा डबा ठेवला. खालचा ओठ दाताखाली, अगदी तुमच्यासारखी. साहेबाने बाकीच्यांना हाक मारून बोलावलं. हिला ट्रेनिंगला घेऊ म्हणाला, पण नोकरी घरात एकच.  रोह्याच्या कॉलेजातून डिप्लोमा काढलाय, पण माझं काय, असं पोरीने येताना एसटीत एका शब्दाने विचारलं नाही. घर आल्यावर एवढंच म्हणाली, “अब्बा आले की त्यांना दाखवीन, कसं करतात ते.”

जमाल, मी सोमवारी नाव दिलं. उमामाचं दिलं.

तुम्ही काचा पुसायला आनंदाने आला असतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही ती नोकरी तिच्यासाठी आपणहून सोडली असतीत, आणि वर मलाच समजावलं असतंत. मला तुम्ही इथे हवे होतात हो. भाकरी थापताना समोर बसलेलं माणूस हवं होतं. आता ते कधी होईल, मला माहीत नाही.

पोरीला मी सांगितलंय की अब्बांनीच तुझं नाव घालायला लावलं. नाहीतर ती गेलीच नसती. आमीर शुक्रवारी तुमच्या खोलीवर पोचेल. तोवर मी तिला थोपवून धरते, शनिवारी ती तुम्हाला फोन करेल. शुक्रिया म्हणेल, कदाचित रडेलही. तेव्हा ‘हो, मीच सांगितलं’ एवढं म्हणा. आवाज हलू देऊ नका. मग तिला फोन माझ्याकडे द्यायला सांगा आणि मला काय बोलायचं ते बोला.

तुमचीच,
अजीजा