दादाचं रक्त

दादा,

हे तुला खुणांनी सांगायला माझे हात उचलत नाहीत, म्हणून लिहितेय. लिहूनही तुला देणार नाहीच बहुधा.

मागे दवाखान्यात तुझं रक्त घेतलं. बाळासाठी लागतंय, एवढंच मी सांगितलं होतं. तू लगेच बाही वर केलीस. नंतर पट्टी लावलेला हात घरभर मिरवलास, "आता मामाचा पहिला हक्क!"

दादा, तुझा बहिरेपणा कुठून आला, ते त्यांना त्या रक्तात शोधायचं होतं. म्हणजे मग लॅबमध्ये तयार केलेल्या आमच्या भ्रूणांत तो आहे का, ते पोटात सोडण्याआधी तपासता येतं. डॉक्टरांनी विचारलं, "असेल तर ठेवायचे का?" लहानपणी तुला कुणी चिडवलं की मी अंगावर धावून जायचे. तिथे मात्र नवऱ्याने तोंड उघडायच्या आत मीच "नको" म्हणाले.

काल माझ्या पोटावर हात ठेवून तू विचारलंस, "माझं रक्त जुळलं ना?" मी मान डोलावली.

खोटं नाही बोलले. दोन भ्रूणांशी जुळलं होतं. तेच दोन मी टाकून द्यायला सांगितले.

गालावर बोट टेकवून तू जिला हाक मारतोस,
ती