सत्तावीस लेकरांची नोंद

पोरी मित्रा,

तू झोपून होती म्हणून उठवलं नाही. मी लकडगंजले आरागिरणीवर चाललो. पोहे झाकून ठेवले आहेत.

काल तू घरून करते त्या आरोग्य-नोंदींच्या इंटर्नशिपच्या मॅडमले फोनवर सांगून राहिली होती, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. कागदावर शून्य दिसते त्या गावाचं लसीकरण शून्य नाही, नर्सबाईनं सत्तावीस लेकरांले लस देली, नोंद त्याच नावाच्या दुसऱ्या गावावर चढली. तीनदा सांगावं लागलं, पण तू हटली नाही. संध्याकाळी आईले म्हणाली, काम केलं नाही म्हणून त्या नर्सबाईले आलेली नोटीस रद्द झाली. काय बोलली वं तू!

'घरी बसून कसलं काम' असं मी आता म्हणणार नाही. रविवारी तुले पाहाले येणाऱ्या पाहुण्यांले फोन केला. सांगितलं, पोरगी कामात आहे, येऊ नका.

तुझा बाबा