श्यामला येईपर्यंत लाल

२ जानेवारी
सातवीतली ती दुपार सारखी आठवते आहे. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी श्यामलाने आणि मी उरलेला लाल क्रेप पेपर ओला करून एकमेकींच्या वेण्यांना चोळला होता. सिस्टर बेनेडिक्टांनी दोघींना नळाखाली धरलं. मिनिटात रंग गटारात. मोठेपणी खराखुरा लाल करायचा, असं तेव्हाच ठरलं. मग लग्नं, मुलं, नोकऱ्या. एकतीसला श्यामला नागपूरहून येते आहे, बत्तीस वर्षांनी. मी शब्द पाळला. पार्लरमध्ये चार तास बसले. केस चेरीसारखे!
पार्लरच्या सृष्टीने बजावलं, लाल सगळ्यांत लवकर उडतो. आठवड्यात दोनदाच धुवा, तेही गार पाण्याने. ऊन नको. सोपं आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिस्तच तर शिकलो.

३ जानेवारी
पोळ्यांच्या मथुराबाई बघत राहिल्या. त्यांचे स्वतःचे केस मेंदीने नारिंगी. म्हणाल्या, ताई, मेंदी स्वस्तात झाली असती. बिचाऱ्या. त्यांना फरक काय कळणार!

५ जानेवारी, सकाळी ७
गार पाण्याने धुतले. किंचाळले नाही. अनिरुद्ध म्हणतो, मग खालच्या मजल्यावरून फोन कशाला आला?

८ जानेवारी
सर्दी. उशीचा अभ्रा गुलाबी. अनिरुद्धचं मत, रंग छान टिकलाय, उशीवर. नवऱ्यांकडे दुर्लक्ष करावं. सॅटिनचा अभ्रा मागवला.

१० जानेवारी
स्कूटरवर पांढरा स्कार्फ, फक्त डोळे उघडे. बँकेतही सोडला नाही. ट्यूबलाइटचा काय भरवसा? शेजारच्या दीपालीने विचारलं, काकू, रंग दाखवणार कधी? म्हटलं, एकतीसनंतर.

१३ जानेवारी
भोगी. तीळ लावून डोक्यावरून न्हायचं, ही सासूबाईंची पद्धत. यंदा न्हाणार नाही. ठाम.
दुपारी: न्हाले. सासूबाईंचा फोटो बघत होता. पाणी किंचितच गरम. मोरीत खून झाल्यासारखं दिसत होतं. पण जादाचा रंग गेला, मुरलेला राहिला.

१९ जानेवारी
बोअरचं पाणी रंग खातं म्हणे. आजपासून प्यायच्या पाण्याने धुणार. अनिरुद्धने विचारलं, आणि आपण प्यायचं काय?

२४ जानेवारी
आरशात जरा फिकट वाटतात. आरसा जुना झालाय.

२९ जानेवारी
मथुराबाईंनी गॅस बंद केला, मला आरशापुढे नेलं आणि स्वतःचं डोकं माझ्या डोक्याला लावलं. म्हणाल्या, लावलीत की मेंदी! सांगायचं नाही का, माझ्याकडे अर्धं पाकीट पडलंय.
रंग एकच. अगदी एकच.

३० जानेवारी
सृष्टी म्हणते, आता परत केलं तर केस तुटतील. ठीक. श्यामलाला स्कार्फ बांधूनच भेटेन. दोन दिवस सहज निघतील.

३१ जानेवारी, संध्याकाळी
दोन मिनिटं निघाली. श्यामलाने दारातच विचारलं, दरोडा घालायला निघालीस का गं? आणि स्कार्फ ओढला. बघत राहिली. मग म्हणाली, आता कोणी धरलं नळाखाली? हसून हसून दोघी पायरीवरच बसलो. तिचे केस पांढरेशुभ्र. म्हणाली, मी विसरले नव्हते, धीर झाला नाही.
हरले असं नाही. फक्त वाटप करते आहे.
महागडा शाम्पू: दीपालीला. सॅटिनचा अभ्रा: मथुराबाईंना. गुलाबी टॉवेल: अनिरुद्धला, स्कूटर पुसायला. स्कार्फ: श्यामलाला. आतून तो अजून चेरीसारखा आहे.
मथुराबाईंचं मेंदीचं अर्धं पाकीट: निम्मं श्यामलाला, निम्मं मला. उद्या, गच्चीत, उन्हात. धुवायला कढत पाणी.