सिनेमात चालतं

रविवार, संध्याकाळ. नारपोली.

दुपारी सूनबाईनं टीव्हीवर युरोपातला एक सिनेमा लावला. बर्फाळ गावातली एक म्हातारी विधवा आणि परदेशातून आलेला बंदरावरचा हमाल. दोघांची भाषासुद्धा वेगळी. एका रात्री ती काही न बोलता टेबलावर त्याच्यासाठी दुसरी ताटली मांडते. तिथं पल्लवी रडली. "किती गोड ना, आई!"

तिचे ओले डोळे बघून मला धीर आला. सांगून टाकलं. आपल्या खानावळीत जेवायला येतात ते लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला असलेले यादवजी, बायको जाऊन माझ्यासारखेच एकटे राहिलेले, त्यांनी मला लग्नाचं विचारलंय. आणि मलाही ते आवडतात.

पल्लवीनं टीव्ही बंद केला. "आई, सिनेमात चालतं हे. ह्यांना कळलं तर ते घर सोडतील."

माझा मुलगा घर सोडेल? मग नातही जाईल... ती दुसरी ताटली डोळ्यांपुढून जाईना. सिनेमातल्या त्या बाईचा मुलगाही रागावला होताच की. तरी तिनं मांडली. मला का न्हाय जमत?

यादवजी ड्युटी संपवून आले. त्यांचं जेवण होऊ दिलं. मग म्हटलं, "कल से खाना कहीं और देख लीजिए."

कारण विचारतील असं वाटलं होतं. विचारलं असतं तर कदाचित मी... त्यांनी हात धुतले, चपला घातल्या. दारात थांबून म्हणाले, "ठीक है, सुनंदा."

आजवर भाभीजीच म्हणायचे. आज पहिल्यांदा माझं नाव घेतलं.