उंच भिंतीची बाग

हलेंगिवे,

मुलं उठायच्या आत मी सासूबाईंकडे निघतेय. आंबवलेल्या पिठाच्या अमाग्विन्या तळून झाकून ठेवल्यात, पोरीला, नोसिफोला गरम करून दे.

कालचा बेत मी मोडतेय, चिडू नकोस. मुलांना समुद्राकाठच्या पाळण्यांवर नेऊ नकोस, डर्बनबाहेरच्या पाण्यातल्या घसरगुंड्यांच्या मोठ्या बागेत ने. म्हणशील, ताईचं डोकं फिरलं, पाळणे तर ल्वांडलेनंच निवडले होते. निवडले खरे, पण का, ते मला नंतर सांगितलं त्यानं. म्हणाला, "आई, तिथे नुसतं जाळीचं कुंपण आहे. तू आत नाही आलीस तरी बाहेरून आम्हाला बघशील ना?" आणि याच पोरानं वर्षभर त्या बागेतल्या घसरगुंडीचा जप लावला होता. जाण्याआधी त्याच्या बाबांनी कबूल केली होती.

आणि 'आजकाल कोण पाळतं हे' असं सासूबाईंना पुन्हा सुनावू नकोस. नवऱ्याच्या नावाचे काळे कपडे अंगावर आहेत तोवर हसण्याखेळण्याच्या जागी जायचं नाही, हे माझं मीच ठरवलंय.

घसरगुंडीवर त्याच्या मागे बाबा बसणार होते, तिथे तू बस. भित्री आहेस, ठाऊक आहे मला. डोळे मीट, पण बस.

त्या बागेची भिंत उंच आहे, आतून रस्ता दिसत नाही. म्हणून तर ती निवडली. पाळण्यावर तो प्रत्येक फेरीला कुंपणाकडेच बघत राहिला असता.

ताई