सुरुवात शून्य धरून

डोंबिवली, १ नोव्हेंबर १९५४. पहाटे ५.
सुपरवायझरच्या परीक्षेला एकोणीस दिवस. तिसरी खेप, कंपनीच्या नियमाने शेवटची. पास झालो की कोपरीत क्वार्टर, आणि नीला कल्याणहून, माहेराहून परत. दोनदा आपटलो ते मनात आणायचं नाही. पुस्तकातच दिलंय, ट्रान्सफर फंक्शन काढताना इनिशियल कंडिशन्स शून्य धरा. म्हणजे सर्किटात आधी काय साठलेलं ते विसरा. आत काय घातलं, बाहेर काय आलं, तेवढंच बघा. वा! आजपासून कडक अभ्यास.

सकाळी ८.
डोळा लागला. उद्यापासून.

४ नोव्हेंबर.
माझं स्वतःचं ट्रान्सफर फंक्शन काढलं. एक तास आत, चार मार्क बाहेर. पासाला साठ लागतात, म्हणजे पंधरा तास पुरे. उगाच घाई नको.

९ नोव्हेंबर.
टेस्टरूममधला आनंदा म्हातारा परत आडवा आला. पूर्वी मिठागरात होता, शाळा चौथीपर्यंत. स्विच बंद केल्यावरही कंडेन्सरला हात लावू देत नाही, म्हणे आत वीज साठून राहते. आधी खुंटीवरची काठी घ्यायची, तिच्या तारेने कंडेन्सरची दोन्ही टोकं जोडायची, मग हात. मी सांगितलं, गणितात सुरुवात शून्यच धरतात. तर म्हणतो, "मास्तर, आंधी शून्य कर, मंग शून्य धर." याच्याशी काय डोकं फोडायचं!

१४ नोव्हेंबर, रविवार.
कल्याणला गेलेलो. काही झालंच नाही असं धरून हसत चहा मागितला. नीला उठून आत गेली. सासऱ्यांनी विचारलं, गेल्या निकालाला तिला पांढऱ्या पायाची म्हणालात ते खरं का. अहो, वर्ष झालं त्याला! स्विच बंद केल्यावर करंट राहतो होय? चहा आला नाही.

१९ नोव्हेंबर.
एकूण चार तास झाले. इनिशियल कंडिशन्सचा धडा सोडला. शून्यच धरायच्या तर वाचायचं काय?

२२ नोव्हेंबर. डाव्या हाताने.
परवा परीक्षा झाली. प्रॅक्टिकलला साहेबांनी स्विच बंद केला आणि कंडेन्सर सोडवून आणायला सांगितलं. काठी समोरच होती. पण दारात आनंदा उभा. काठी घेतली असती तर म्हातारा खरा ठरला असता. हात घातला.
शुद्धीवर आलो तेव्हा आनंदा माझे तळवे चोळत होता. मग उठून त्याने काठी कंडेन्सरला लावली, तेच फार लागलं. साहेब म्हणाले, पेपर तपासायची गरज नाही.

२३ नोव्हेंबर.
नीला आली. उजव्या हाताला बँडेज म्हणून चमच्याने भात भरवला. माझे डोळे भरून आले. म्हणालो, मागचं सगळं शून्य धरू या.
"आधी करा," ती म्हणाली.
हिला कोणी सांगितलं? माफी मागायचं ठरवलं. पण घाईत नको. उद्या पहाटे पाचला, ताज्या डोक्याने.

२४ नोव्हेंबर. सकाळी ८.
डोळा लागला. नीला कल्याणला गेली. भात झाकून ठेवलाय, शेजारी चमचा.