उंबरथळच्या चौदा काचा

सोमवार, २८ जुलै

चौदा कमी! मलेरियाच्या तपासणीला महिन्याला पंचेचाळीस रक्तनमुने द्यायचे आणि डब्यात रक्ताच्या काचा एकतीस. उद्या डबा आरोग्य केंद्रात जायचा. चौदा काचा काही आभाळातून पडायच्या नाहीत.

ज्याला ताप त्याचं बोट टोचायचं, असा नियम. पण निंदणीच्या दिवसांत ताप आला म्हणून कोण घरी बसतं? आणि ताप आलेल्याच्या मागे सुई घेऊन कपाशीतून पळायला मी काही पोरगा नाही, चोपन्न वर्षांचा आहे. घरी सापडतात फक्त म्हाताऱ्या, आणि त्यांचा माझ्यावर दात. गेल्या मंगळवारी कोरडा दिवस होता ना! ड्रम, रांजण, टाकी सगळं उपडं करून पुसून कोरडं ठेवायचं, म्हणजे डासांच्या अळ्या मरतात. अळ्या मरतात हे खरं, पण गावात नळ येतो आठ दिवसांनी. भागाबाईच्या ड्रममध्ये अळ्या पोहताना मी स्वतः बॅटरीने दाखवल्या. ड्रम आडवा केला, तर म्हातारी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आठ दिन नळनी वाट देखो, नि हाऊ मच्छरवाला येईसन पानी वती देस!" दार तोंडावर बंद. आता ती मला बोट देईल? काठी देईल.

तर दुपारी उपकेंद्रात एकटा होतो. कडी लावली. स्वतःची बोटं टोचली, आधी डाव्या हाताची, मग उजव्या हाताची. चौदा काचा झाल्या!

नावं घराच्या नोंदवहीतून काढली, डोकं लावून. बारा नावं सुरतला गेलेल्या पोरांची, म्हणजे इथे कोणी विचारायला नाही. तेरावं भागाबाईचं. (सूड!) चौदावं निंबानानाचं. नाना ब्याऐंशी वर्षांचे, खाटेवरून उठत नाहीत, ते काय तक्रार करणार? आणि निगेटिव्ह काचेची चौकशी कोणी करत नाही. अकरा वर्षांत या गावाची एक काच पॉझिटिव्ह आलेली नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच केलं, देवाशप्पथ. बरं, दुसऱ्यांदा.

दिवसभर अंग मोडून आलंय. थंडी वाजते. पावसात भिजलो त्याची.


बुधवार, ३० जुलै

निंबानाना सकाळी गेले. झोपेतच. सोनं झालं म्हणतात लोक. मुलगा प्रेमराज सुरतहून निघाला, तो आल्यावर उचलणार.


गुरुवार, ३१ जुलै

मासिक सभा. डॉक्टर ज्योत्स्ना मॅडमनी सगळ्यांचे अहवाल वाचले. माझ्या अहवालावर बरोबरची खूण. "झुलालभाऊ, पूर्ण पंचेचाळीस? छान." मान खाली घातली. लोकांना वाटलं लाजला.

मॅडम नव्या आहेत, सगळं खरं मानतात.

गटारातून गप्पी मासे पकडून तीन टाक्यांत सोडले. काल संध्याकाळी पुन्हा थंडी. दोन गोधड्या घेतल्या. ही म्हणाली, "अंग तवानामायक तापी राह्यनं तुमनं. गावभर डास मारत फिरतस, नि घरमा हाई ताप!" म्हटलं, सर्दी आहे. उद्या उतरेल.


शनिवार, २ ऑगस्ट

मेलो!

लॅबमधल्या नीलेशचा फोन. आवाज असा की लॉटरी लागली. "आबा, तुमच्या गावाच्या चौदा काचा पॉझिटिव्ह! चौदा! मी दोन दोनदा बघितल्या."

 एकतीस चांगल्या आणि चौदा पॉझिटिव्ह. नेमक्या चौदा. चौदा जणांना कुठला मलेरिया! मलेरिया मला आहे. दिवसाआड थंडी, मग ताप, मग घाम. सगळ्या गावाला भिंतीवर रंगवून सांगतो ही लक्षणं, आणि स्वतःची ओळखू आली नाहीत.

गंमत बघा. चौदा धडधाकट माणसं कागदावर आजारी. आणि ज्याला खरंच ताप आहे त्याच्या नावाची काचच नाही!


रविवार, ३ ऑगस्ट

आज कानबाईचा, आमच्या देवीचा सण. हेच विसरलो होतो. सुरतवाला एक वेळ दिवाळीला येणार नाही, पण कानबाईला आल्याशिवाय राहत नाही. रोटाचं, म्हणजे तिच्या नैवेद्याचं, दळण घरातल्या पुरुषांच्या नावाने निघतं, मग पुरुष नको? सकाळच्या गाडीने अमळनेरला उतरले आणि तीन जीप भरून गावात आले. बाराच्या बारा! मी पारावर उभा राहून मोजले.

घरोघरी कानबाई बसली आहे. नारळाचं तोंड, नाकात नथ, पुढे पुरणाचा नैवेद्य. मीही हात जोडले. काय मागितलं ते इथे लिहीत नाही.

मॅडमचा फोन: "उद्या जिल्ह्याचं पथक घेऊन येते. चौदाही रुग्ण घरी थांबवून ठेवा."


सोमवार, ४ ऑगस्ट

असा दिवस वैऱ्यावर येऊ नये. आणि हसूही येतं, काय करू?

इकडे कानबाईची मिरवणूक नदीकडे निघालेली, पुढे डीजे. तिकडून पथकाच्या दोन गाड्या आणि धुराचं मशीन. धूरवाल्याने गल्लीच्या तोंडाशी मशीन सुरू केलं. पांढराशुभ्र धूर मिरवणुकीत शिरला, आणि लोक आणखीनच नाचायला लागले! त्यांना वाटलं डीजेवाल्याने नवीन आणलं. एकाने धूरवाल्याला खांद्यावर घेतलं, मशीनसकट. मी चौतीस वर्षं वाकून वाकून ड्रममधल्या अळ्या शोधतोय, मला कोणी पाणी विचारलं नाही. धुराला मात्र मान!

मग शाळेच्या ओट्यावर सगळ्या गावाची बोटं टोचली, सहाशे बारा नमुने. माझाही घेतात की काय म्हणून मी नोंदी लिहायला बसलो. नंतर यादीतली नावं पुकारली. पहिलंच चंदन भटू पाटील. गुलालाने माखलेला चंदन पुढे आला.

"तुम्हाला मलेरिया आहे. अठ्ठावीस तारखेला तुमचं रक्त घेतलं होतं," मॅडम म्हणाल्या.

चंदन माझ्याकडे बघतो. "आबा, मी त सुरतले व्हतू. मन्हं रगत तुमनाजोडे कथाईन उनं?"

 आणि माझ्या तोंडून निघालं, "मध्ये एक दिवस येऊन गेला होतास ना रे!"

हे बोलायला नको होतं. त्याची बायको रत्ना सासूजवळ गावातच असते, ती मागेच उभी होती. "अठ्ठावीस तारीखले तुम्ही गावमा व्हतात, नि घर उनात नहीत? कोनाघर व्हतात?" चंदन शपथा घालतोय, कानबाईची, आईची. रत्ना ऐकेना. मॅडम कागदावर लिहितात: रुग्ण बाहेरगावी ये-जा करणारा. बाकीच्या अकरांनी हा तमाशा बघितला आणि आपली बायको बघायच्या आत गोळ्या घेऊन पटकन गर्दीत शिरले. एकानेही "मी नव्हतो" म्हटलं नाही.

भागाबाईने गोळ्या मुकाट घेतल्या. ज्यांना मिळाल्या नाहीत ते भांडायला आले. "सुरतवालासले गोया, नि आम्हले काबर नही?"

शेवटचं नाव निंबानानांचं. "कुठे आहेत?" कोणीतरी म्हणालं, तीस तारखेला वारले. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "मलेरिया पॉझिटिव्ह, आणि दोन दिवसांत मृत्यू?"

मला जे कळायला हवं होतं ते तेव्हा कळलं. मी मेलेल्या माणसाला आजार लावला.


मंगळवार, ५ ऑगस्ट

बारा जण सुरतला परत गेले. चंदन गोळ्या घरीच टाकून गेला, रागात. रत्नाने त्या माझ्या अंगावर फेकल्या. घरी आणून मीच सुरू केल्या. यादीतल्या एका तरी नावाच्या गोळ्या योग्य पोटात जाऊ देत.

मॅडमचा फोन. दोन गोष्टी. एक: एवढी साथ वेळेत शोधली म्हणून पंधरा ऑगस्टला तालुक्यात सत्कार, माझं नाव पाठवलंय. शाल, नारळ, प्रशस्तिपत्र. दोन: नानांच्या मृत्यूची चौकशी होणार, घरच्यांचे जबाब घेणार.

पहिली ऐकून आनंद झाला. हो, झाला! लपवून काय करू? चौतीस वर्षांत कोणी नारळ दिला नव्हता. मग दुसरी ऐकली.


गुरुवार, ७ ऑगस्ट

ताप नाही. पण झोपही नाही.

प्रेमराज सुतकात आहे, सुरतला गेला नाही. त्याच्या ओट्यावर गेलो, जबाब कसा द्यायचा ते सांगायला. म्हणजे खरं तर पढवायला. तो ऐकतच नव्हता. जमिनीकडे बघत म्हणाला, "नानाले ताप व्हता, नि माले समजनं नही, आबा. दोन दिन आगोदर फोनवर बोलनू. मी कामनं बोलत राह्यनू, तब्येतनं इचारंच नही." आणि एवढा दांडगा माणूस, साड्यांचे गठ्ठे उचलणारा, हुंदके देऊन रडायला लागला. त्याची बायको म्हणाली, चार दिवस जेवला नाही. स्वतःला बापाचा खुनी म्हणतो.

मला लाज वाटली. साधी सरळ लाज. शाल डोळ्यांसमोर आली आणि तिचीही लाज वाटली.

सांगून टाकलं. "प्रेमराज, नानांचं बोट मी टोचलंच नाही. ती काच माझी. नानांना ताप नव्हता. म्हातारपणाने गेले, झोपेत गेले."

त्याने वर बघितलं. मला वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने विचारलं, "खरंच ताप नव्हता?" म्हटलं, "नव्हता. गेले त्याच्या आदल्या दिवशी मी नानांना भेटलो होतो, चहा मागत होते." तो उठला, आत गेला, बायकोला म्हणाला, वाढ. मला कोणी जेव म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.


शुक्रवार, ८ ऑगस्ट

आज नानांचा दहावा. तिकडे जायचं तोंड नव्हतं. आरोग्य केंद्रात गेलो.

मॅडमना उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्या पेन फिरवत बसल्या. मला वाटलं ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "मग ताप कोणाला होता?"

"मला."

"गोळ्या घेताय?"

"चंदनच्या."

त्या हसल्या का रडल्या कळलं नाही, तोंडावर रुमाल होता. मग म्हणाल्या, लेखी द्या. दिलं. नोटीस येणार. वेतनवाढ जाईल, सत्कार तर गेलाच. "आणि गावात जाऊन गोळ्या परत घ्या. बरी माणसं हे चौदा दिवसांचं औषध घेताहेत, तुमच्यामुळे."

येताना सुरतला अकरा फोन लावले. नऊ जणांनी गोळ्या कधीच फेकून दिल्या होत्या. शहाणी पोरं! उरलेल्या दोघांना म्हटलं, बंद करा. चंदनलाही फोन केला, आणि रत्नासमोर फोन मोठ्या आवाजात ठेवून सगळं कबूल केलं. रत्ना ऐकून म्हणाली, मग अकरा वर्षं काचा निगेटिव्ह येत होत्या त्या तरी कोणाच्या होत्या? उत्तर द्यायच्या आधीच मी निघालो.

आज हलकं वाटतंय. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.


शनिवार, ९ ऑगस्ट

गावात आता फक्त भागाबाईच्या गोळ्या राहिल्या होत्या. पौर्णिमा होती, तिचे भाऊ राखीला आलेले. म्हातारी गोळ्या देईना! पाकीट लुगड्याच्या घडीत खुपसून बसली. "माले गुण उना. रोज थंडी वाजे, ती बंद व्हयनी. मी देवाव नही."

मी म्हटलं, अगं अक्का, तुला काही झालंच नव्हतं! ती काच माझी होती. भाऊ हसायला लागले. मीही हसलो. काय माणसाचं मन असतं! आजारच नाही, आणि गुण आला. म्हातारी चिडून लाल. शेवटी तिच्या हातातून पाकीट ओढून घेतलं. नऊ गोळ्या उरल्या होत्या. मागे दार धाडकन लागलं.

ही गोष्ट उद्या मॅडमना सांगेन. त्यांनाही जरा हसू येईल.


मंगळवार, १२ ऑगस्ट

नीलेशचा फोन आला. कानबाईच्या मिरवणुकीच्या दिवशी गोळ्या वाटायच्या आधी घेतलेले सहाशे बारा नमुने तपासून झाले. सहाशे अकरा निगेटिव्ह.

एक पॉझिटिव्ह. भागाबाई.

नऊ गोळ्या माझ्या पिशवीत आहेत. तीन दिवस झाले. निघतोय. तिने दार उघडायला हवं.